‘संत्र्याच्या-आंबिया-बहा’ : एका तुटक्या पत्त्यामागे लागून वर्डप्रेसच्या कोडपर्यंत

पाटपाणी (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलो.

मी वरुड तालुक्यातल्या एका गावात राहतो. अमरावतीला शिकलो, चार वर्षं पुण्यात नोकरी केली, वडिलांच्या आजारपणात गावी आलो आणि इथलाच झालो. घरची तीन एकर संत्रा आहे. पोटापाण्याचं काम म्हणजे लोकांच्या वेबसाइट बनवणं, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या एका फुकट सॉफ्टवेअरवर.

गावातल्या संत्रा बागायतदारांच्या गटासाठीही एक साइट करून दिली. आंबियाची, म्हणजे आंब्याच्या मोहोरासोबत फुलणाऱ्या बहाराची, फळगळ सुरू झाली तेव्हा तिच्यावर एक लेख टाकला, ‘संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ’. आठवड्याने दुसरा टाकला, ‘संत्र्याच्या आंबिया बहाराचे पाणी व्यवस्थापन’. दोन्हींच्या लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका बांधावर येऊन उभे. “काय बे, मी फळगळीचं इचारलं अन् तू पाण्याचंच सांगून राह्यला!”

त्यांचा फोन पाहिला. कोणीतरी लिंक अर्धीच कॉपी करून पुढे पाठवली होती. टक्केचिन्हांनी भरलेली हातभर लांब लिंक, तिचं शेपूट कुठे तुटलं ते कुणाला कळणार? अशा वेळी वर्डप्रेस एक अंदाज बांधतं. पत्ता पुरता जुळला नाही, तर त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा लेख शोधून तिकडे नेतं. ‘संत्र्याच्या-आंबिया’ने सुरू होणारे लेख दोन, म्हणून काकांच्या वाट्याला पाणी आलं. त्यांच्या बागेत झाडाखाली फळांचा सडा पडला होता आणि माझ्या साइटने त्यांना ओलिताचं वेळापत्रक वाचायला दिलं. मला ते फार लागलं.

घरी येऊन दोन्ही लेखांचे पत्ते उलगडले. पहिला संपत होता ‘संत्र्याच्या-आंबिया-बहार’वर. दुसरा ‘संत्र्याच्या-आंबिया-बहा’ आणि पुढे डॅश दोन. ‘फळगळ’ नाही, ‘पाणी’ नाही. ज्या शब्दासाठी लेख लिहिला तोच शब्द पत्त्यातून गायब.

त्या आठवड्यात आमच्या फीडरची थ्री फेज लाइन रात्री बाराला यायची. पंप सुरू करायचा आणि विहिरीजवळच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचं. तिथेच मी पहिल्यांदा वर्डप्रेसचा गाभा, म्हणजे कोअर, नीट वाचायला घेतला. सात-आठ वर्षं त्यावर जगत होतो, पण आत कधी डोकावलो नव्हतो. पंपाचा आवाज, बल्बभोवती किडे, आणि समोर पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, फाइल. शीर्षकापासून पत्ता बनवणारं फंक्शन सापडलं. त्यात एक आकडा होता, २००.

हिशेब सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या हिशेबात आहे. पत्त्यासाठी २०० जागा. इंग्रजीचं एक अक्षर एक जागा घेतं. देवनागरीची एक खूण साठवायला ३ बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून ३ जागा घेतो. म्हणजे एका खुणेला ९ जागा. २०० भागिले ९, आल्या २२ खुणा. बरं, खूण म्हणजे आपलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘संत्र्याच्या’ डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, आत १२ खुणा आहेत. १२ गुणिले ९, झाले १०८. एका शब्दाने अर्ध्याहून जास्त जागा खाल्ली! डॅश १, ‘आंबिया’ ५४, पुन्हा डॅश १, उरल्या ३६. त्यात ‘बहार’ बरोबर बसला आणि दार बंद झालं. दुसऱ्या लेखाला तोच पत्ता मिळत होता, म्हणून वर्डप्रेसने शेवटी ‘डॅश दोन’ लावायचं ठरवलं. त्याला दोन जागा हव्यात, म्हणून ‘र’ कापला गेला. तोच हा ‘बहा’.

हे कळलं त्या रात्री वाटलं, आपल्याला खजिना सापडला. २०० चे ६०० करायचे, एका ओळीचा बदल, पाठवून द्यायचा. आधी स्वतःच्या कॉपीवर करून पाहिला. चालेना. डेटाबेसमधला रकानाच २०० चा आहे. रकाना वाढवावा म्हटलं तर त्यावर इंडेक्स (लवकर शोधता यावं म्हणून केलेली सूची) आहे, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर आहेत तिथे रकाना बदलायचा म्हणजे एवढ्या सगळ्या डेटाबेसला हात लावायचा. शोधलं तर याच दुखण्याची जुनी नोंद ट्रॅकवर आधीच होती. (ट्रॅक म्हणजे वर्डप्रेसच्या चुका आणि सुधारणा जिथे नोंदवतात ती जागा.) तिथली सगळी चर्चा मी दोन रात्री बसून वाचली. आपल्याला जी शंका येते ती आधी दहा जणांना येऊन गेलेली असते, हे तिथे कळतं.

मग मी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला नाही. वरचा हिशेब लिहिला. दोन शीर्षकं, त्यांच्या खुणा, कुठे तुटतात, ‘डॅश दोन’ने काय होतं, अर्धी लिंक कुठे नेते. इंग्रजी माझं बेताचंच, आठ-दहा ओळी लिहायला दीड तास लागला. मर्यादा आजही २०० च आहे, ते मी लपवत नाही. पण तो हिशेब लिहिताना मला जे काम सापडलं ते वेगळंच होतं.

एका फुकट प्लगिनमध्ये (प्लगिन म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर) काही हटवलं की निरोप यायचा, ‘अमुक हटवले’. अमुकच्या जागी कधी लेख, कधी पान, कधी टिप्पणी. इंग्रजीत एका वाक्यात भागतं. आपल्याकडे लेख हटवला, पान हटवले, टिप्पणी हटवली. प्लगिन करणाऱ्याला हे माहीत असायचं कारणच नाही, त्याच्या भाषेत क्रियापद असं वळत नाही. मी तिन्हींसाठी तीन वेगळी वाक्यं केली, भाषांतरकारासाठी कोडमध्येच दोन ओळींची सूचना लिहिली आणि पाठवलं. तीन दिवसांत घेतलं. प्लगिन करणाऱ्याने उलट विचारलं, अजून कुठे असं अडतं का? त्याला आणखी अकरा जागा काढून दिल्या.

पुढे कोअरमधल्या एका बदलाची मी मराठीत चाचणी करून निकाल लिहिला. कोडची एक ओळसुद्धा माझी नव्हती. तो बदल आत गेला तेव्हा नोंदीत ‘प्रॉप्स’ म्हणून, म्हणजे हातभार लावणाऱ्यांच्या यादीत, इतरांसोबत माझंही नाव होतं. वडिलांना दाखवलं. त्यांना काय कळलं माहीत नाही, पण त्यांनी मोबाइल बराच वेळ हातात धरून ठेवला.

आपल्या भागातून अजून कोणी असं काम करतं का? काय अनुभव? आणि ज्यांना करायचं आहे पण कुठून शिरावं कळत नाही, त्यांनीही लिहा.

कास्तकार (सोमवार, रात्री ११.२५)

भाऊ, कोडातलं मले काही समजत नाही. पण त्या तुटक्या लिंकचा अनुभव आमच्या ग्रुपवर रोजचा आहे. आमाले वाटे आपला फोनच खराब. इलाज काय काढला ते तं सांग.

पाटपाणी (सोमवार, रात्री ११.४०)

काका, सध्याचा इलाज साधा आहे. लेख टाकताना पत्त्याची चौकट स्वतः भरायची आणि महत्त्वाचा शब्द आधी घ्यायचा. ‘आंबिया-फळगळ’ एवढंच. दहा खुणा, ९० जागा आणि डॅशची १. तुटत नाही. शीर्षक वर कितीही मोठं ठेवा, त्याला बंधन नाही. मी गटाच्या साइटसाठी एक छोटं प्लगिनही केलं आहे, पत्ता २२ खुणांपुढे गेला की ते लिहिणाऱ्याला लगेच सांगतं.

रोखठोक (मंगळवार, सकाळी ८.१०)

लेख आवडला, पण मनातलं विचारतो. वर्डप्रेसवर मोठमोठ्या कंपन्या पैसा कमावतात. तुम्ही रात्री विहिरीवर बसून फुकट काम करायचं आणि नफा दुसऱ्याने घ्यायचा, हे कसं? आपल्याकडच्या पोरांना आधी पगाराची गरज आहे.

पाटपाणी (मंगळवार, दुपारी १.३०)

प्रश्न रास्त आहे. दोन गोष्टी सांगतो.

वर्डप्रेस मुळात कोऱ्या पाटीवर सुरू झालं नाही. त्याआधी बी२ नावाचं सॉफ्टवेअर होतं. ते करणारा मागे हटला, काम थांबलं. मॅट मलेनवेग तेच वापरत होता. आता काय करावं, असं त्याने जानेवारी २००३ मध्ये लिहिलं, आणि माइक लिटलने खाली उत्तर दिलं की पुढे न्यायचं असेल तर मी आहे. २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती आली. हे जमलं कारण बी२ जीपीएल परवान्याखाली होतं, कोड उचलून पुढे न्यायला कुणाची परवानगी लागली नाही. उद्या वर्डप्रेसमागच्या सगळ्या कंपन्या दुसऱ्या धंद्याला लागल्या तरी माझ्या गटाची साइट बंद पडणार नाही, तिचा कोड माझ्याकडे आहे आणि दुरुस्त करायचा हक्कही आहे. माझ्यासाठी याची किंमत मोठी आहे.

दुसरं, पैशाचं. कंपन्यांनी आपल्या वेळेचा ५ टक्के भाग वर्डप्रेसला परत द्यावा, असं आवाहन मॅटने २०१४ मध्ये केलं होतं. काही जण देतात, काही देत नाहीत. ज्यांना परवडतं त्यांनी द्यायलाच हवं, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पण मराठी पत्ता २२ खुणांवर तुटतो हे त्यांच्या पगारी माणसाला दिसणार कसं? त्याने कधी मराठीत शीर्षक टाकलेलंच नसतं. दुसऱ्याच्या वावरात आपण सावडीने जातो ते उद्या आपल्या वावरात माणसं हवीत म्हणून, मी हे तसंच धरतो. आठवड्याचे तीन तास, त्याहून जास्त नाही. आणि घरात पगाराची निकड असेल तर आधी पगार, हे मी कुणालाही सांगेन.

नागपूरकर_जुना (मंगळवार, सायंकाळी ७.०५)

पाटपाणी, हिशेब चोख आहे. एक भर घालतो. हीच २०० ची मर्यादा वर्गवारी आणि टॅगच्या पत्त्यालाही आहे, म्हणून ‘कीड व रोग व्यवस्थापन मार्गदर्शन’सारख्या वर्गांची नावं ठेवताना तेच लक्षात ठेवा. आणि इंडेक्स फक्त पहिल्या १९१ अक्षरांवर आहे. ४.२ आवृत्तीत, २०१५ मध्ये, डेटाबेस चार बाइटांच्या अक्षरांसाठी तयार केला तेव्हा इंडेक्सच्या ७६७ बाइटांत १९१ च बसत होती, तिथून तो आकडा आला. रकान्याला हात लावणं सोपं नाही ते यामुळेही.

नवीन मुलांसाठी, वेळेचं भान ठेवा. आवृत्ती तोंडावर आली की कोणी नव्या गोष्टीला हात लावत नाही. उत्तर आलं नाही म्हणजे कोणी दुर्लक्ष केलं असं समजू नका. बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, सुरू झाला की चाचणी करणाऱ्यांची खरी गरज असते. पहिली आरसी, म्हणजे जवळजवळ पक्की आवृत्ती, आली की वाक्यं गोठवतात, त्यापुढे मजकूर बदलत नाही, आणि भाषांतरवाल्यांची धावपळ सुरू होते. मोठा बदल सुचवायचा तर आवृत्ती निघाल्या निघाल्या. मी पहिली तीन वर्षं फक्त चाचणी केली आहे आणि त्या तीन वर्षांत जेवढं शिकलो तेवढं नोकरीत शिकलो नाही.

पुसदचा_पोऱ्या (मंगळवार, रात्री ९.५०)

दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीएचपी थोडं येतं. लॅपटॉप नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा बसायला मिळते. इंग्रजीत लिहायची भीती वाटते, लोक हसतील असं वाटते. माझ्यासारख्याने काय करावं?

पाटपाणी (मंगळवार, रात्री १०.३०)

भाऊ, तू विचारलंस ते फार चांगलं केलंस.

वर्डप्रेस प्लेग्राउंड नावाची सोय आहे. ब्राउझर उघडला की त्यातच पूर्ण वर्डप्रेस चालतं, इन्स्टॉल काही करायचं नाही. कोणाचा नवा बदल तपासायचा असेल तर तोही तिथेच उघडता येतो. लॅबच्या संगणकावर काहीही टाकायची परवानगी नसली तरी हे चालतं. मी पहिल्या वेळी घराच्या धाब्यावर उभा राहून रेंज धरत सगळा कोड उतरवला होता, दोनदा लाइन गेली, तुला ते करायची गरज नाही.

ट्रॅकवर ‘गुड फर्स्ट बग’ अशी खूण केलेल्या नोंदी असतात, त्या नव्या माणसांसाठीच राखलेल्या. पण लगेच त्यातली घेऊ नकोस. आधी पाच नोंदी नुसत्या वाच. चूक सांगणाऱ्याने काय लिहिलं, पुढच्याने काय विचारलं, पॅच का परत गेला.

इंग्रजीचं म्हणशील तर तिथे जपानी, ब्राझिलियन, बांगलादेशी सगळे मोडकंतोडकं लिहितात. लहान वाक्यं कर. मी हे केलं. मला हे दिसलं. मला हे दिसायला हवं होतं. एवढ्यावर माझं आजवर भागलं आहे. लिहिण्याआधी दाखवायचं असेल तर मला निरोप कर, रात्री दहानंतर मी असतोच.

मास्तरीण_दर्यापूर (बुधवार, दुपारी ३.१५)

सगळे प्रतिसाद वाचले. मी कोड लिहीत नाही, भाषांतर करते. शाळेच्या साइटवर एक प्लगिन होतं, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. पालक गोंधळायचे. वर्डप्रेसच्या भाषांतराच्या पानावर पाहिलं तर मराठी अर्ध्यावरच थांबलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी कूलरपुढे बसून रोज वीस वाक्यं केली. आपण सुचवलेलं आधी प्रतीक्षेत राहतं, मग मराठीचे संपादक तपासून मंजूर करतात. ९० टक्के भरलं की भाषेचा गठ्ठा तयार होतो आणि सगळ्या साइटवर आपोआप पोचतो. तो पोचला त्या दिवशी शाळेची साइट उघडली आणि पूर्ण मराठी दिसली! कोणालाही न सांगता मी वर्गात पेढे वाटले.

सर्वांत जास्त वेळ कशात गेला सांगू? ‘पोस्ट’ या एका शब्दात. एका जागी तो नाम होता, एका जागी क्रियापद. नुसता शब्द समोर येतो, कुठल्या बटणावर आहे ते दिसत नाही. पाटपाणी म्हणतात तशी दोन ओळींची सूचना कोडमध्ये असती तर माझे चार दिवस वाचले असते. कोड लिहिणाऱ्यांनो, तेवढं कराच.

आता माझी एक अडचण. आमच्या साइटवर ‘शेतकऱ्यांना’ असा शोध घेतला तर काही लेख येतात, काही येत नाहीत. शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखा आहे. हे काय असावं?

पाटपाणी (बुधवार, सायंकाळी ६.२०)

ताई, न सापडणारे लेख जुन्या संगणकावर टाइप केलेले आहेत का? ऱ्य लिहायच्या दोन रीती आहेत. एकात ‘ऱ’ ही वेगळी खूण असते. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक. युनिकोडमध्ये (प्रत्येक खुणेला क्रमांक देणारी जगभरची पद्धत) दोन्ही मान्य आहेत, पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण वर्डप्रेसचा शोध डेटाबेसमध्ये खूण-खूण जुळवत जातो, त्याला हे दोन वेगळे शब्द आहेत. शेतकऱ्यांना, दुसऱ्या, पायऱ्या, सगळे याच फेऱ्यात.

इलाज कोअरमध्ये करावा की प्लगिनने, ती पुढची चर्चा. आधी नोंद नीट व्हायला हवी, आणि ती तुम्हीच लिहावी असं मला वाटतं. दुखणं तुम्हाला सापडलं आहे. मराठीत लिहा, इंग्रजी आपण मिळून करू.

मास्तरीण_दर्यापूर (बुधवार, रात्री ९.००)

हो, सगळे जुने लेख ऑफिसच्या जुन्या संगणकावरचे आहेत. मसुदा टाकते, चुका सांगा.

पायऱ्या: १) ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द जोडकाच्या रीतीने टाइप करून एक लेख प्रसिद्ध केला. २) तोच शब्द ‘ऱ’च्या रीतीने टाइप करून दुसरा लेख प्रसिद्ध केला. ३) मोबाइलवरून शोधाच्या चौकटीत तो शब्द टाइप केला.
काय व्हायला हवं होतं: दोन्ही लेख दिसावेत.
काय झालं: फक्त दुसरा लेख दिसला.

नागपूरकर_जुना (बुधवार, रात्री ९.२०)

उत्तम. वर्डप्रेसची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती आणि थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) कोणती तेही जोडा. मूळच्या थीमवर, सगळी प्लगिन बंद करून एकदा पाहा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल. दोन्ही शब्दांच्या खुणांचे क्रमांकही द्या. वाचणाऱ्याला देवनागरी येत नसेल तर त्याला फरक दिसणार कसा? नोंद करण्याआधी जुनी नोंद आहे का ते मी शोधतो.

पुसदचा_पोऱ्या (गुरुवार, दुपारी ४.४०)

दादा, ताई, लॅबमध्ये प्लेग्राउंडवर करून पाह्यलं. मूळची थीम, प्लगिन एकही नाही. एकच लेख येते. पण प्लेग्राउंडचा डेटाबेस एसक्यूलाइट आहे, नेहमीचा मायएसक्यूएल नाही, असं वाचलं, ते पण नोंदीत लिहू का?

पाटपाणी (गुरुवार, सायंकाळी ५.१०)

लिहायलाच हवं. आणि तुझं निरीक्षण तुझ्याच नावाने टाक. ताईंची नोंद झाली की तिच्याखाली.

कास्तकार (गुरुवार, रात्री ८.३०)

मी बी करून पाह्यलं आपल्या गटाच्या साइटवर. फोनवर ‘शेतकऱ्यांसाठी’ टाइप केलं, तं दोन लेख आले. मंग तुह्या जुन्या डिंक्या रोगाच्या लेखातला तोच शब्द बोटानं धरून कॉपी केला अन् शोधात चिकटवला, तं दुसरेच तीन आले. पहिले दोन त्यात नाहीत. दोन्हीचे फोटू काढून ठेवले आहेत. कोणाले पाठवू?